कुसुमच्या गालातल्या पेशी

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहून पाठवा, असं पत्र आलं तेव्हा मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती निवडत असलेले तांदूळ बाजूला न ठेवताच म्हणाली, "लघवी अन थुंकीशिवाय तुमच्याजवळ लिहाले हाये काय?"

तिचं काही चुकलं नाही. वर्ध्याजवळच्या एका इस्पितळात मी उभी हयात प्रयोगशाळेत काढली. बाहेर पाटीवर प्रयोगशाळा असं लिहिलेलं होतं, पण पेशंट लोक तिला 'लघवीची खोली' म्हणायचे आणि मला 'लघवीवाले बाबू'. सुरुवातीला राग यायचा. पुढे पुढे कोणी 'गजभिये साहेब' म्हटलं की मीच मागे वळून पाहायचो, हे कोण आलं म्हणून.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डॉक्टर अख्खा माणूस पाहतो. आमच्याकडे माणसाचा चमचाभर भाग येतो. काचेच्या पट्टीवर तो पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर लिहायचं. ऑपरेशनमधून निघालेली गाठ असेल तर काम मोठं. ती आधी औषधाच्या बरणीत मुरवायची, मग स्पिरिटमध्ये, मग मेणात. मेणाची वडी घट्ट झाली की पात्याने तिचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. पातं चामड्यावर परजायला मला पुलगावच्या एका न्हाव्याने शिकवलं. इस्पितळात ते कोणालाच धड येत नव्हतं.

या कामातली पहिली अक्कल मला सेलूकडच्या एका गृहस्थांनी शिकवली. त्यांना सकाळची लघवी बाटलीत आणायला सांगितली होती. त्यांनी काठोकाठ भरलेला पितळी गडवा आणला. तपासली तर साखरेचा मागमूस नाही, आणि माणूस तर पाण्याचा माठ एकट्याने संपवणारा. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "माही नाई बाबू. माही गढूळ येते. लाहान भावाची आनली, त्याची साफ राह्यते." मी म्हटलं, मग औषधही भावालाच देऊ का? ते बराच वेळ विचार करत बसले. तेव्हापासून मी ठरवलं, नमुना काय आहे हे नंतर पाहायचं, आधी तो कोणाचा आहे हे पाहायचं. एवढं ठरवूनही मी जिथे चुकलो, ती गोष्ट सांगायला हा कागद घेतला आहे.

आम्ही नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आमचे सर्जन बापटसाहेब विलायतेतली मासिकं मागवत. ती बोटीने येत, त्यामुळे तिकडे शिळं झालेलं ज्ञान आमच्याकडे ताजं असे. एक दिवस ते असंच एक मासिक घेऊन प्रयोगशाळेत आले. बाईच्या शरीरातल्या पेशी रंगवल्या तर पेशीच्या मधल्या गोळ्याच्या काठाला एक गडद ठिपका दिसतो, पुरुषाच्या पेशीत तो नसतो, असं शोधून काढलं होतं. त्यासाठी रक्तबिक्त काही नको. गालाच्या आतून लाकडी काडीने हलकेच खरवडायचं आणि ते पट्टीवर घ्यायचं.

"गजभिये, क्षयाच्या थुंकीला वापरतो तो लाल रंग याला चालतो म्हणे. जमेल?"

मी जमवलं. दोन महिने वॉर्डातल्या सिस्टर, धोबी, स्वयंपाकी, जो सापडेल त्याचा गाल खरवडला. स्वतःचा तर इतका की तोंड आलं. घरी आईचाही घेतला. बायकांच्या शंभर पेशींत तीस-चाळीस ठिकाणी ठिपका दिसायचा, पुरुषांच्या जवळजवळ नाहीच. सिस्टर मला पाहून पदराने तोंड झाकायच्या आणि हसायच्या.

हे सगळं कशासाठी, ते साहेबांनी मला समजावून सांगितलं होतं. क्वचित एखादं मूल असं जन्मतं की मुलगा की मुलगी हे वरून पाहून सांगता येत नाही. आपल्याकडे अशा लेकराला लपवतात, नाही तर कुठे तरी देऊन टाकतात. त्यांच्यातल्या काहींच्या पोटात ज्या बीजाच्या ग्रंथी असतात त्या धड बाईच्या नसतात, धड पुरुषाच्या नसतात, अर्धवट घडलेल्या असतात. अशा अर्धवट ग्रंथीत पुढे वाईट गाठ धरते, कधी कधी अगदी तान्ह्या वयातसुद्धा. वरून मुलीसारखं दिसणाऱ्या लेकराच्या पेशीत ठिपका नसेल, तर सावध व्हायचं आणि ग्रंथी वेळेवर काढून टाकायच्या. ठिपका असेल तर ती धास्ती नाही.

अशात एक दिवस रोहण्याहून एक कुटुंब आलं. शेतीवाडी असलेलं, खाऊनपिऊन सुखी घर. छोट्या गाडीने पुलगाव आणि तिथून मोठ्या गाडीने वर्धा असा प्रवास करून आलेले. बाप बाहेर झाडाखाली थांबला. आत आली ती आई आणि आजी. आईच्या मांडीवर पाच महिन्यांचं लेकरू होतं, चांगलं गुटगुटीत. आई खाली मान घालून बसली होती. बोलायचं काम आजीचं. अनसूयाबाई त्यांचं नाव, बारीक अंगाची, ताठ, नऊवारी घट्ट खोचलेली बाई.

"पाच महिने झाले बाबू, अजून बारसं नाई केलं," त्या म्हणाल्या. "नाव ठेवाव तं पोराचं ठेवाव का पोरीचं? दाई म्हने दोनीही नाई. लोकाईले म्या सांगून ठेवलं, लेकराचा नवस हाये, देवीपुढंच नाव ठेवू. आता लोकं इचारून राह्यले, कोनती देवी?"

मी हसलो. त्याही जराशा हसल्या. मला त्या बाई आवडल्या, हे आधीच सांगून ठेवतो.

मी हात धुतले, काडी घेतली, लेकराचा गाल धरायला डाव्या हाताचं बोट पुढे केलं. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "कोन्या गावचे बाबू तुमी?"

"केळझरचा."

"आडनाव काय म्हनलं?"

"गजभिये."

त्या काही बोलल्या नाहीत. लेकराला मागेही ओढलं नाही. फक्त माझ्या बोटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. आमच्या इस्पितळात शिवाशिव नव्हती. डॉक्टरांपासून भंग्यापर्यंत सगळे एका पंगतीत जेवत. पण पेशंट येताना आपापलं गाव बरोबर घेऊन येत. मी त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होतो. बाबासाहेबांसमोर बावीस प्रतिज्ञा म्हणून आलेला माणूस होतो, आणि त्या नजरेसमोर माझं बोट आपोआप मागे आलं. मी काडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "आजी, तुम्हीच घ्या. गालाच्या आतून असं हलकं ओढायचं."

मग मी पट्टीवर नंबर लिहायला वळलो. त्यांनी काडी परत दिली, मी पट्टीवर फासली.

दुपारी मोजायला बसलो. शंभर पेशींत चौदा ठिकाणी ठिपका. बाईचा म्हणावा तर आकडा कमी, पुरुषाचा म्हणावा तर कितीतरी जास्त. पट्टीवर मधूनमधून काळे कणही होते. मी मनाशी म्हटलं, तान्ह्या लेकराच्या पेशी नाजूक, रंग कमी धरला असेल. काळे कण म्हणजे रंग नीट गाळला नाही. मन एकदा ठरलं की त्याला पटेल तेच डोळे दाखवतात. मी चिठ्ठीवर लिहिलं: ठिपका आहे, स्त्री.

साहेबांनी घरच्यांना सांगितलं, मुलगी आहे, काळजी करू नका, थोडी मोठी झाली की बाकीचं पाहू. आजींनी माझ्या टेबलावर खडीसाखरेची पुडी ठेवली. रोहण्याला थाटात बारसं झालं आणि नाव ठेवलं कुसुम.

आठ महिन्यांनी कुसुम परत आली. आता ती तेरा महिन्यांची होती, चार दात आलेली, धरून उभी राहणारी. अंघोळ घालताना आजीच्या हाताला तिच्या ओटीपोटात उजवीकडे काहीतरी टणक लागलं होतं, लिंबाएवढं. एक्स-रे काढला तर त्या जागी चुन्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसले. साहेब तो फोटो खिडकीशी धरून बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे आले.

"तुमची ती जुनी पट्टी आहे का?"

मी पट्ट्या कधी फेकत नसे. पेटीतून काढली, सूक्ष्मदर्शकाखाली लावली. साहेब जवळ उभे होते. या खेपेला मी ठिपके पाहिलेच नाहीत, काळे कण पाहिले. रंगाचा गाळ गोल आणि लालसर असतो. हे कण काळेभोर होते आणि त्यांच्या कडा पानाच्या तुकड्यासारख्या फाटलेल्या होत्या. असे कण मी आधी एकाच पट्टीवर पाहिले होते, माझ्या आईच्या. माझी आई दातांना मिश्री लावायची, तंबाखू तव्यावर जाळून केलेली.

पाच महिन्यांचं लेकरू मिश्री लावत नाही.

साहेबांना काही न सांगता मी वॉर्डात गेलो. आजी कुसुमला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, मागच्या खेपेला काडी दिली होती, आठवते?"

"आठवते नं बाप्पा."

"ती तोंडात घालायच्या आधी काही केलं होतं का?"

"काई नाई. कोरडी होती, लेकराच्या गालाले टोचन म्हनून जराशी जिभीवर ओली केली." आणि त्यांनी करून दाखवलं. सुई ओवताना बायका दोऱ्याचं टोक जसं जिभेला लावतात, तसं. "काऊन जी?"

"काही नाही, सहज विचारलं," असं म्हणून मी परत आलो.

चौदा ठिपके आजींचे होते. पट्टीवर त्यांच्या आणि कुसुमच्या पेशी एकत्र झाल्या होत्या. मी आजीची तपासणी करून नातीचा निकाल लिहून दिला होता, आणि त्या निकालावर विश्वासून लेकराला घरी पाठवलं होतं. आठ महिने ती गाठ वाढत होती आणि रोहण्याला लोक पेढे खात होते.

साहेबांना सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी शांतपणे विचारलं, "काडी आजीच्या हातात का दिलीत?"

मी जुनी पट्टी पेटीत ठेवू लागलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा काढून पुसू लागले आणि तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. "चौदा आकडा मीही वाचला होता," ते म्हणाले. "खाली सही माझी आहे. जा, पुन्हा नमुना घ्या. स्वतः घ्या."

मी वॉर्डात गेलो. आजींच्या समोर साबणाने हात धुतले. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून कुसुमचं तोंड आतून पुसलं, थोडं थांबलो आणि मग बोट घालून गाल ताणून धरला. कुसुमने चारी दात माझ्या बोटात रोवले. आजींकडे मी पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो.

शंभर पेशी मोजल्या. मग दोनशे. ठिपका एकही नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मी बरणी घेऊन दाराबाहेर उभा होतो. असा उभा राहण्याचा मला काही अधिकार नव्हता, पण कोणी हटकलं नाही. उजवीकडची गाठ निघाली, पिवळट, खरखरीत. डावीकडे ग्रंथीच्या जागी पांढरी पट्टी होती, सुतळीच्या तुकड्याएवढी. साहेबांनी तीही काढली, कारण उद्या तिच्यातही तेच झालं असतं. ती बरणी हातात घेऊन अंगण ओलांडताना मला जी लाज वाटली ती मी कोणाला सांगितली नव्हती, ती इथे सांगतो आहे.

काप तयार व्हायला चार दिवस लागले. प्रश्न एकच होता. गाठीने आपलं वेष्टण फोडलं आहे की नाही? फोडलं असेल तर आमच्या हातात काही उरत नव्हतं. त्या काळी अशा लेकरांना द्यायला आमच्याकडे औषध नव्हतं. मी एकाऐवजी दहा वड्या केल्या, गाठीचा सगळा काठ कापून पाहिला. वाईट पेशींचे पुंजके होते, मधे चुन्याचे खडे होते. पण वेष्टण सगळीकडे शाबूत होतं. साहेबांनी दहाही पट्ट्या स्वतः पाहिल्या आणि म्हणाले, "मुलगी थोडक्यात निसटली. आणखी दोन महिने उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं."

माझा हिशेब वेगळा होता. मी आठ महिने मागे मोजत होतो.

आजींना साहेबांनीच समजावलं. मीही तिथे होतो. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हे पोरगी नाई काय?"

"पोरगीच आहे," साहेब म्हणाले. "मुलगी म्हणूनच वाढवा. मोठी झाल्यावर तिला गोळ्या द्याव्या लागतील, तेव्हा माझ्याकडे आणा. तिला मूल होणार नाही. एवढंच."

"येवढंच?" आजी म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. ती रडत होती. "रडू नको वं. माही सक्की बहीन बिनालेकराची होती. पन साऱ्या गावानं तिले मायच म्हनलं. आपली कुसुम हाये, कुसुमच राहीन."

कुसुम वाचली हे इथेच सांगून टाकतो, उगाच कोणाच्या जिवाला घोर नको. दर सहा महिन्यांनी तिला तपासायला आणत. पुढे ती शाळेत गेली, आर्वीला शिकली, नोकरीलाही लागली. तिची खरी हकीकत तिला किती ठाऊक आहे, मला माहीत नाही. म्हणून नाव, गाव सगळं बदलून लिहिलं आहे, माझ्याशिवाय कोणाचं काही ओळखू येऊ नये.

पण मला सांगायचं होतं ते घरी जायच्या दिवसाचं. सकाळी आजी एकट्याच प्रयोगशाळेच्या दाराशी आल्या. मी पट्ट्या पुसत होतो. त्या उंबऱ्याच्या आत येऊन स्टुलावर बसल्या.

"बाबू, पहिल्या वक्ताले तपासनी चुकली कशी?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि उत्तर मी ठरवून ठेवलं होतं. ज्या बाईने नातीचा गाल दुखू नये म्हणून काडी ओली केली, तिला मी सांगणार नव्हतो. "रंग जुना झाला होता, आजी. मी पाहायला पाहिजे होतं. चूक माझी."

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"तुमी मले इचाराले आल्ते, काडीले काई केलतं काय म्हनून. मी अडानी हावो, पन येवढी नाई."

"तुम्ही मायेने केलं."

"ते तं मायेनंच केलं. पन काडी माह्या हाती आलीच काऊन?"

मी पट्टी पुसत राहिलो.

"तुमचं बोट पुढं आलतं," त्या म्हणाल्या. "म्या आडनाव इचारलं. मंग तुमी बोट मागं घेतलं अन काडी मले देल्ली. मी काईच बोलली नाई." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "खरं सांगू काय बाबू, मले तवा बरं वाटलं होतं."

बाहेरून त्यांच्या मुलाने हाक मारली, गाडीची वेळ झाली होती. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गेल्या. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही, आणि असू द्या आजी, असंही म्हणता आलं नाही. कारण खोटं कशाला बोलू, काडी त्यांच्या हातात दिली तेव्हा, त्यांच्या नजरेसमोर त्या लेकराच्या तोंडात आता बोट घालावं लागणार नाही म्हणून, मलाही बरं वाटलं होतं.